घर आणि दुकान यांच्यात अंतर कसं पडलं

चालत सगळं मिळणारी वस्ती बरी की गाडीशिवाय पान न हलणारं उपनगर, हा वाद बहुधा आवडीनिवडीवर येऊन थांबतो. कुणाला अंगण हवं असतं, कुणाला कोपऱ्यावर दुकान. पण अशी उपनगरं घडण्यात लोकांच्या आवडीपेक्षा नियमांचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

मोटारीआधीची शहरं पायांच्या मापानेच वाढली. रेल्वे आणि ट्राममुळे उपनगरं झाली, तीही स्थानकापासून चालत जाता येईल एवढीच पसरली. कलाटणी मिळाली ती अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये शहरभर लागू होणारी झोनिंगची, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल हे ठरवणारी, नियमावली केली आणि दहा वर्षांत शेकडो गावांनी तोच कित्ता गिरवला.

इथे एक शब्द नेहमी गोंधळात टाकतो: ‘युक्लिडियन झोनिंग’, म्हणजे घरं, दुकानं, कारखाने यांना वेगवेगळ्या भागांत ठेवणारं झोनिंग. त्याचा भूमितीशी संबंध नाही. युक्लिड हे ओहायो राज्यातलं, क्लीव्हलँडला लागून असलेलं गाव. (गावाला नाव मात्र त्या ग्रीक गणितज्ञाचंच.) १९२२ मध्ये या गावाने जमिनीच्या वापराचे सहा वर्ग पाडले. पहिल्या वर्गात एका कुटुंबाची स्वतंत्र घरं, शेवटच्या वर्गात अवजड कारखाने. ६८ एकरांच्या एका जमीनमालकाने याला कोर्टात आव्हान दिलं. कारखान्यांसाठी आपल्या जमिनीला एकरी १०,००० डॉलर येतील, नुसत्या घरांसाठी २,५०० च, असं त्याचं म्हणणं होतं. खालच्या कोर्टात तो जिंकला. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दोनदा ऐकलं गेलं आणि १९२६ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल गावाच्या बाजूने लागला.

कारखान्याचा धूर घरापासून दूर ठेवण्याबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नव्हतं. त्या काळच्या गिरण्या आणि कत्तलखाने पाहता ते आवश्यकच होतं. पण निकाल तिथे थांबला नाही. स्वतंत्र घरांच्या वस्तीत उभी राहणारी अपार्टमेंटची इमारत ही केवळ ‘परजीवी’ आहे, आजूबाजूच्या मोकळ्या जागेवर जगणारी, असं निकालपत्रात म्हटलं गेलं. म्हणजे धुराच्या पंगतीत भाडेकरूही बसवले गेले आणि त्यांच्याबरोबर कोपऱ्यावरचं दुकानही. पुढच्या जवळपास शंभर वर्षांची उपनगरं या एका गल्लतीवर उभी आहेत. त्या ६८ एकरांवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखानाच आला, हेही नोंदवायला हवं.

मग पैसा आला. १९३४ पासून सरकारी हमीची गृहकर्जं मिळू लागली. त्यांत कल नव्या, स्वतंत्र घरांकडे होता. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना ती जवळपास बंदच होती. १९४७ ते १९५१ या काळात न्यूयॉर्कजवळच्या लेविटटाउनमध्ये १७ हजारांवर घरं उभी राहिली. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांचे महामार्ग ठरले आणि खर्चाचे ९० टक्के केंद्राने उचलले.

या सगळ्यात सर्वांत कमी बोललं जातं ते पार्किंगबद्दल. १९२३ मध्ये ओहायोतल्याच कोलंबस शहराने अपार्टमेंटला पार्किंगची सक्ती केली आणि युद्धानंतर ही सक्ती सगळीकडे पसरली. दुकानांसाठी दर १,००० चौरस फुटांमागे चार जागा, हे नेहमीचं प्रमाण. ये-जा करायची वाट धरून एका गाडीला साधारण ३०० चौरस फूट लागतात. म्हणजे १,००० फुटांच्या दुकानाला १,२०० फुटांचं डांबर. दुकानापेक्षा मोकळं पटांगण मोठं झालं की शेजारचं दुकान आपोआप लांब जातं, आणि पायी येणाऱ्याला उन्हातून गाड्यांच्या रांगा ओलांडाव्या लागतात. ह्यूस्टनच्या मतदारांनी १९४८, १९६२ आणि १९९३ अशा तीन वेळा झोनिंग नाकारलं. तरी ते शहर गाडीवरच चालतं, कारण पार्किंगची सक्ती तिथेही होती.

अलीकडे नियम उलट दिशेने फिरू लागले आहेत. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये पार्किंगची सक्ती काढली. मिनियापोलिसने २०१८ मध्ये ‘फक्त एका कुटुंबाचं घर’ ही अट सोडायचं ठरवलं, २०१९ मध्ये ओरेगन राज्याने बहुतेक शहरांसाठी तसाच कायदा केला. २०१६ च्या सुमारास पॅरिसमध्ये पुढे आलेली ‘पंधरा मिनिटांचं शहर’ (रोजच्या गरजा घरापासून पंधरा मिनिटांत चालत किंवा सायकलने भागाव्यात) ही कल्पना मात्र २०२३ मध्ये ऑक्सफर्डात भलत्याच वादात सापडली. काही रस्त्यांवर ठरावीक वेळी मोटारींना अटकाव करण्याची तिथली योजना वेगळी आणि घराजवळ सोयी असाव्यात हे धोरण वेगळं. लोकांनी दोन्ही एकच धरून मोर्चा काढला.

नियम बदलले तरी रस्ते जिथल्या तिथे राहतात. उपनगरातले बंद गल्ल्यांचे रस्ते झाडाच्या फांद्यांसारखे असतात: प्रत्येक फांदी खोडाला मिळते, शेजारच्या फांदीला नाही. परसातल्या कुंपणापलीकडे दुकानाची पाठभिंत दिसत असते, आणि तिथे पोहोचायला गल्लीतून बाहेर, मोठ्या रस्त्याने वळसा घालून मैलभर जावं लागतं. अशा ठिकाणी दुकानाला नव्याने परवानगी देण्याआधी कुणाच्या तरी कुंपणातून एक पायवाट काढावी लागते, आणि ती जागा कुणाच्या तरी मालकीची असते.