हिमनदीची घट मुखापेक्षा जाडीत शोधावी लागते

तापमानवाढीमुळे हिमनदी मागे हटत असली, तरी तिच्यातला बर्फ उताराच्या दिशेने वाहतच असतो. मुखापाशी, म्हणजे हिमनदीच्या खालच्या टोकाशी, येऊन पोहोचणाऱ्या बर्फापेक्षा तेथे वितळणारा बर्फ अधिक झाला, की मुखाची जागा वर सरकते. जगात दोन लाखांहून अधिक हिमनद्या आहेत. त्यांपैकी फारच थोड्यांवर प्रत्यक्ष जाऊन वर्षानुवर्षे मोजणी झाली आहे, त्यामुळे एकूण चित्रासाठी उपग्रहांवरच भिस्त ठेवावी लागते.

बर्फ दृश्य प्रकाश भरपूर परावर्तित करतो, पण डोळ्यांना न दिसणारे लघुतरंग अवरक्त किरण बव्हंशी शोषून घेतो. १९७२ मध्ये सुरू झालेल्या लँडसॅट मालिकेतील उपग्रहांवर १९८२ पासून असे किरण टिपणारी उपकरणे आली आणि बर्फ व खडक यांच्यातली सीमा संगणकाने आखणे शक्य झाले. हंगामी हिमामुळे ही सीमा झाकली जाऊ नये, म्हणून उन्हाळा सरतानाची चित्रे निवडतात.

मात्र केवळ सीमेवर विसंबणे मला अपुरे वाटते. अनेक हिमनद्यांचा खालचा भाग दगडमातीच्या थराखाली दडलेला असतो. उपग्रहाला तो आजूबाजूच्या खडकासारखाच दिसतो, आणि मुख वर्षानुवर्षे जागचे न हलताही वरचा बर्फ पातळ होत राहतो. अशा वेळी पृष्ठभागाची उंचीच मोजावी लागते. टेरा उपग्रहावरील ॲस्टर हे उपकरण एकाच भूभागाची दोन कोनांतून चित्रे घेत असे आणि त्यांवरून उंचीचे नकाशे तयार होत. प्रामुख्याने अशा नकाशांच्या तुलनेतून २००० ते २०१९ या काळात जगातील हिमनद्यांनी दरवर्षी सरासरी सुमारे २६७ अब्ज टन बर्फ गमावल्याचे दिसून आले. अमेरिकेच्या हेक्सागॉन हेरगिरी उपग्रहांची जुनी छायाचित्रे खुली झाल्यावर हिमालयाचीही अशी तुलना करता आली: १९७५–२००० च्या मानाने २०००–२०१६ मध्ये तेथील बर्फ घटण्याचा वेग दुपटीच्या आसपास होता.

२००२ साली सोडलेल्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीने गुरुत्वाकर्षणातील बदलांवरून थेट वस्तुमानाची घट टिपली, परंतु त्यांची नजर शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याची असल्याने एकेकट्या हिमनदीचा हिशेब त्यातून लागत नाही. त्यासाठी बर्फाच्या प्रवाहाचा वेगही कळायला हवा. भारत व अमेरिका यांनी मिळून जुलै २०२५ मध्ये सोडलेला निसार उपग्रह ढगांतून आणि अंधारातही पाहू शकणाऱ्या रडारने हा वेग मोजण्यासाठी दर १२ दिवसांनी त्याच मार्गावर परततो. वेगाला जाडीची जोड मिळाली, की मुखाकडे किती बर्फ येतो हे काढता येते.