चार पानांची गोष्ट: अमेरिकेतल्या काउंटी फोर-एच क्लबची पार्श्वभूमी

जुलै-ऑगस्टात अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यातल्या कुठल्याही काउंटीच्या, म्हणजे ढोबळ मानाने आपल्या तालुका आणि जिल्हा यांच्या मधल्या भागाच्या, जत्रेला जा, एक दृश्य हमखास दिसतं. दहा-बारा वर्षांची मुलगी, पांढरा शर्ट खोचलेला, हातात कालवडीची दोरी. भुशाच्या रिंगणात ती कालवड फिरवते. परीक्षक थांबून विचारतात, हिला रोज किती खुराक देतेस? त्यात प्रथिनं किती? मुलगी कालवडीवरची नजर न काढता उत्तर देते. शेजारच्या मंडपात लांबच लांब टेबलं मांडलेली असतात. कागदी ताटलीत एकसारखे पाच टोमॅटो, पलीकडे कुणी शिवलेला फ्रॉक, कुणी काढलेले फोटो, कुणी जुळवलेला रोबो. प्रत्येकावर एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर हिरवं चार पानांचं क्लोव्हर. आपल्या बरसीम घासाच्याच भावकीतलं हे झाड.

हे चिन्ह फोर-एच या मुलांच्या क्लबचं. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतही आता या क्लबचं पत्रक येतं आणि आईबाप गोंधळतात. हा उपक्रम शाळेचा, की सरकारचा? क्लब चालवणाऱ्या काउंटी कार्यालयाच्या पाटीवर विद्यापीठाचं नाव कसं? फी इतकी कमी कशी? आणि आठ वर्षांच्या पोराला जमाखर्चाची वही कशाला? ही उत्तरं पत्रकात मिळत नाहीत. त्यासाठी सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं, आणि मला वाटतं की मुलाचं नाव घालण्याआधी तेवढं मागे जाणं फायद्याचं आहे.

सुरुवात मुलांपासून झालीच नव्हती, ती त्यांच्या बापांपासून झाली होती. १८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या विक्रीतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी राहिली. १८८७ मध्ये प्रयोगकेंद्रांसाठी वेगळा कायदा झाला. बियाणं कसं निवडावं, मातीचा आंबटपणा कसा ओळखावा, दुधातली स्निग्धता कशी मोजावी, हे सगळं कॉलेजांत ठाऊक झालं. पण ते बांधापर्यंत पोचेना. शेतकऱ्यांच्या लेखी ती कागदावरची शेती होती. बापजाद्यांनी जसं केलं तसंच चाललेलं बरं, कॉलेजातल्या साहेबाचं ऐकून पेरणी वाया गेली तर वर्ष कोण भरून देणार? हा प्रश्न आपल्याला काही अनोळखी नाही.

इलिनॉयमधल्या मॅकूपिन काउंटीत विल ऑटवेल शेतकरी मेळावे भरवायचे. बोलावणी धाडूनही सभागृह ओस पडायचं. मग, विसावं शतक उजाडायच्या सुमारास, त्यांनी चांगलं मक्याचं बियाणं मिळवलं आणि जाहीर केलं की जो मुलगा मागेल त्याला ते देऊ, पिकवून दाखवणाऱ्याला बक्षीस. शेकडो पोरांनी बियाणं मागितलं. पुढच्या मेळाव्याला पोरं कणसं घेऊन आली आणि त्यांच्या मागून बापही आले. त्यांना व्याख्यान ऐकायचं नव्हतं, आपल्या पोराचं कणीस शेजाऱ्याच्या पोरापेक्षा भारी आहे का, ते बघायचं होतं. पुढे या चळवळीने जे जे केलं त्याचं बी या मेळाव्यात आहे, असं मी मानतो.

संस्था मात्र आपला जन्म १९०२ सालापासून मोजते. ओहायोतल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम हे स्प्रिंगफील्ड टाउनशिपच्या शाळांचे अधीक्षक होते. खेड्यातल्या शाळा एका खोलीच्या आणि एका शिक्षकाच्या, आणि धडे असे की मुलाच्या रोजच्या जगण्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ग्रॅहमना ते सलत होतं. १५ जानेवारी १९०२ रोजी स्प्रिंगफील्डमध्ये काउंटी कोर्टाच्या तळघरात त्यांनी मुलामुलींची पहिली बैठक घेतली. मका लावायचा, भाज्या आणि फुलं लावायची, लिटमस कागदाने आपापल्या शेतातली माती तपासायची आणि काय दिसलं ते लिहून ठेवायचं. शेतात पिढ्यानपिढ्या नांगर चाललाय, पण त्या मातीला कागद लावून बघणारं घरातलं पहिलं माणूस म्हणजे ते पोर. तीनच वर्षांनी ओहायो स्टेट विद्यापीठाने ग्रॅहमना शेती विस्ताराच्या, म्हणजे कॉलेजातलं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेण्याच्या, कामासाठी बोलावून घेतलं. क्लब आणि विद्यापीठ यांची गाठ पडली ती अशी.

हे सगळं काउंटीतच का रुजलं, याचंही कारण साधं आहे. खेड्यातल्या शाळा काउंटीच्या ताब्यात, आणि शाळा-अधीक्षकाला घोडागाडीतून फिरता येईल एवढाच तिचा पसारा. आयोवातल्या पेज काउंटीत जेसी फील्ड १९०६ साली अधीक्षक झाल्या तेव्हा त्यांच्याकडे १३० शाळा होत्या. त्या शाळा-शाळांतून जायच्या. कणसं मांडून त्यातलं बियाण्याजोगं कुठलं ते मुलांना पारखायला लावायच्या, गाईचं दूध तपासायला शिकवायच्या. मुलांसाठी त्यांनी क्लोव्हरच्या आकाराची एक पिन केली, पानापानावर इंग्रजी ‘एच’ हे अक्षर. त्याच राज्यातल्या राइट काउंटीत ओ. एच. बेन्सन हेही अधीक्षक. एका शाळेच्या पोरांनी त्यांना चार पानी क्लोव्हर खुडून दिले आणि तेच क्लबचं चिन्ह झालं, अशी आठवण सांगतात. डोकं, हृदय आणि हात या तीन शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं म्हणजे तीन ‘एच’. चौथ्या पानासाठी आधी धडपड या अर्थाचा ‘हसल’ हा शब्द होता, पुढे त्या जागी आरोग्य आलं. ही अदलाबदल मला मोलाची वाटते. धडपडीला उत्तेजन द्यायला बाकीचं जग बसलेलंच असतं, मुलाच्या तब्येतीची आठवण कुणीतरी मुद्दाम ठेवावी लागते.

दक्षिणेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे कापसावर बोंडभुंगा पडला होता. केंद्राच्या शेतीविभागाचे सीमन नॅप यांनी १९०३ मध्ये टेक्ससमधल्या टेरेल गावी एका शेतकऱ्याच्याच रानात सुधारित पद्धतीचं प्रात्यक्षिक लावलं. माणूस ऐकलेल्यावर शंका घेतो, पाहिलेल्यावरही घेतो, पण स्वतःच्या हाताने केलेल्यावर घेत नाही, ही नॅप यांची धारणा. तेच सूत्र मुलांना लागू झालं आणि मक्याचे क्लब निघाले: प्रत्येक मुलाला एक एकर, ते त्यानेच कसायचं. १९१० साली साउथ कॅरोलायनातल्या जेरी मूर या मुलाने आपल्या एकरात २२८ बुशेल आणि वर पाऊण बुशेल मका काढला, आपल्या हिशेबाने साधारण ५८ क्विंटल. त्या काळी अमेरिकेची सरासरी एकरी ३० बुशेलच्याही खाली, म्हणजे जेमतेम सातेक क्विंटल होती. मग कागदावरची शेती म्हणून हिणवणार कोण?

पण त्या विक्रमापेक्षाही मला त्या स्पर्धेची गुणपद्धत जास्त सांगण्याजोगी वाटते. उत्पन्नाला फक्त ३० टक्के गुण होते. घातलेल्या खर्चावर नफा किती झाला याला ३० टक्के. उत्तम दहा कणसांच्या मांडणीला २०. आणि उरलेले २० कशाला, तर हे पीक मी कसं घेतलं त्याच्या लेखी हकिगतीला. भरमसाट खत ओतून ढीगभर मका काढणारा मुलगा हिशेबात मागे पडू शकत होता. आज मुलांच्या हातात जी नोंदवही येते तिचं मूळ इथे आहे. तिच्यात बियाण्याचा खर्च, खुराकाचा खर्च, घातलेले तास, विक्रीचे पैसे लिहायचे आणि शेवटी काय शिकलो, काय चुकलं ते. पुष्कळ मराठी आईबाप ती वही शाळेच्या प्रकल्पासारखी स्वतः नटवून देतात. कृपा करून तसं करू नका. रेघा वाकड्या येऊ द्या, हिशेब मुलाचा असू द्या.

मुली एवढ्यात मागे राहणार नव्हत्या. १९१० मध्येच साउथ कॅरोलायनाच्या एकेन काउंटीतल्या शिक्षिका मारी क्रोमर यांनी मुलींचा टोमॅटो क्लब काढला. वाटा एक दशांश एकर, म्हणजे नेमके चार गुंठे. टोमॅटो लावायचे ते मुलींनी, आणि डबेही मुलींनीच भरायचे. ते काम सोपं नव्हतं. उन्हाळ्याचे दिवस, अंगणात चुलाण पेटलेलं, टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून सोलायचे, पत्र्याच्या डब्यांत भरायचे, झाकण तापल्या लोखंडाने डाग देऊन बंद करायचं आणि डबे पुन्हा उकळायचे. त्यावर लेबल लावून विकायचं. खेड्यातल्या त्या मुलींच्या हातात स्वतःच्या कमाईचे पैसे, बऱ्याच जणींच्या बाबतीत, पहिल्यांदाच आले. त्यातून कुणी शिकायला बाहेर पडल्या.

हे सुटे सुटे झरे एकत्र आले ते ८ मे १९१४ ला. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी स्मिथ-लीव्हर कायद्यावर सही केली. केंद्राचा शेतीविभाग, राज्याचं विद्यापीठ आणि स्थानिक काउंटी अशा तिघांनी मिळून चालवायची विस्तार सेवा यातून उभी राहिली. पैसाही तिघांचा. काउंटी कार्यालयाच्या पाटीवर विद्यापीठाचं नाव का, आणि फी एवढी कमी का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं या एका कायद्यात आहेत. ‘फोर-एच’ हे नाव १९१८ साली गर्ट्रूड वॉरन यांच्या लिखाणातून सरकारी कागदात आलं आणि १९२० नंतर सगळीकडे चालू झालं. १९२७ मध्ये वॉशिंग्टनला पहिलं राष्ट्रीय शिबिर भरलं आणि तिथे प्रतिज्ञा ठरली: डोकं नितळ विचारासाठी, हृदय निष्ठेसाठी, हात सेवेसाठी, आरोग्य चांगलं जगण्यासाठी, आपल्या क्लबसाठी, समाजासाठी, देशासाठी. १९७३ साली तिच्यात ‘आणि माझ्या जगासाठी’ एवढे शब्द वाढले.

या प्रतिज्ञेतल्या ‘समाजा’त मात्र दक्षिणेतली कृष्णवर्णीय मुलं बराच काळ नव्हती, आणि ते न सांगता पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातल्या थॉमस मनरो कॅम्पबेल यांची नेमणूक १९०६ सालची. विस्ताराचं काम करणारे ते पहिले कृष्णवर्णीय अधिकारी. औजारं आणि वाणं गाडीत घालून ती फिरती शाळा ते गावोगाव न्यायचे. म्हणजे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची आणि त्यांच्या मुलांची उमेद पहिल्यापासून होती. पण क्लब वेगळे, अधिकारी वेगळे, पैसा तोकडा. वॉशिंग्टनच्या शिबिरात त्यांना जागा नव्हती. १९४८ मध्ये लुइझियानातल्या सदर्न युनिव्हर्सिटीत त्यांच्यासाठी निराळं प्रादेशिक शिबिर भरवलं गेलं. वेगळ्या क्लबांची ही व्यवस्था मोडली ती १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर, तीही सगळीकडे खुशीने नव्हे. आज आपली सावळी मुलं त्या रिंगणात निर्धास्त उभी राहतात, त्यामागे त्या लोकांनी सोसलेलं आहे.

आपल्याकडे या परंपरेचा एक धागा आला तो विद्यापीठांच्या रूपाने. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छपराखाली ही जमीन-अनुदान कॉलेजांची, म्हणजे मॉरिल कायद्यातून निघालेल्या त्या कॉलेजांची, कल्पना घेऊन १९६० मध्ये पंतनगरचं कृषी विद्यापीठ निघालं. महाराष्ट्रात राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालचं, मग अकोला, परभणी, दापोली. विस्तार शिक्षण हा शब्द तिथल्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या तोंडातला. पण शाळकरी मुलांना स्वतःचे चार गुंठे देऊन त्यांच्याकडून हिशेब मागणारी शाखा आपल्याकडे त्या मापाने काही रुजली नाही. शाळेच्या परसबागेत मुलं राबतात, पण पीक शाळेचं असतं, मुलाचं नसतं. याची मला खरोखर हळहळ वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतलीच शेतं कमी झाली, माणसं शहरांत आणि उपनगरांत गेली, आणि क्लबही त्यांच्या मागे गेला. आज फोर-एच सांगतं की सुमारे ६० लाख मुलं त्यांच्या उपक्रमांत आहेत. त्यातली कितीतरी अशी की ज्यांनी गाईचं दूध फक्त पिशवीतलं पाहिलंय. प्रकल्पांच्या यादीत रोबो, फोटोग्राफी, भाषणकला, शिवणकाम, स्वयंपाक, ससे, कुत्रे, मधमाश्या, सगळं असतं. पद्धत मात्र ग्रॅहम-नॅपच्या काळची: एक विषय निवड, हाताने कर, नोंद ठेव, लोकांपुढे मांड.

सहभागी व्हायचं तर काउंटीच्या विस्तार कार्यालयाला फोन करायचा. साधारण ८ ते १८ वर्षांची मुलं पूर्ण सभासद होतात, त्याहून लहानांसाठी स्पर्धा नसलेला गट असतो. बऱ्याच राज्यांत क्लबचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे उन्हाळ्यात जत्रा बघून लगेच कालवड घेऊन उभं राहता येत नाही. जनावर ठरलेल्या तारखेआधी मुलाच्या ताब्यात असावं लागतं. दर महिन्याची बैठक मुलंच चालवतात: अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार त्यांच्यातलेच. मोठी माणसं स्वयंसेवक म्हणून मागे बसतात, आणि आईबापांनाही त्यात काम मिळतं. शिवण येणारी आई, सुतारकाम येणारे आजोबा यांची तिथे फार गरज असते.

शाकाहारी घरांना एक गोष्ट आधी माहीत असावी. मांसासाठी वाढवलेली जनावरं जत्रेच्या शेवटी लिलावात जातात, आणि ज्या मुलाने आठ-नऊ महिने त्या डुकराला किंवा वासराला खाऊ घातलं, ते मूल गोठ्यात गळ्याला मिठी मारून रडताना दिसतं. हा प्रकल्प कुणावर सक्तीचा नसतो. दुधाची गाय, ससा, अंड्यांच्या कोंबड्या किंवा भाजीचा वाफा घेता येतो.

आणि रिबनांबद्दल. अनेक काउंट्यांत परीक्षण डॅनिश पद्धतीने होतं. मुलाच्या कामाची तुलना शेजारच्या मुलाशी नाही, ठरलेल्या मापाशी करतात. मापाला पूर्ण उतरलं तर निळी रिबन, थोडं कमी पडलं तर लाल, अजून मेहनत हवी तर पांढरी. एकाच टेबलावर दहा निळ्या असू शकतात. परीक्षक मुलाला समोर बसवून सांगतात की या पाच टोमॅटोंतला चौथा जरा जास्त पिकलाय, पुढच्या वेळी पाचही एकाच दिवशी तोड. मूल मान हलवतं आणि वहीत लिहून घेतं.