स्टेजवरची ‘मी’ आणि पुस्तकातली ‘मी’

अमेरिकी विनोदवीर एमी शूमरचा ‘मोस्टली सेक्स स्टफ’ हा स्टँडअपचा कार्यक्रम २०१२ साली अमेरिकेत कॉमेडी सेंट्रल या टीव्ही वाहिनीवर आला. विषय नावातच होता. पिणारी, बेधडक, कुणाबरोबरही रात्र काढायला तयार असलेली बाई, ही तिची प्रतिमा लोकांच्या डोक्यात पक्की बसली. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, तिचं पुस्तक आलं: ‘द गर्ल विथ द लोअर बॅक टॅटू’. त्यातल्या एका प्रकरणाचं नाव आहे ‘माय ओन्ली वन नाइट स्टँड’. ओन्ली. एका रात्रीपुरता संबंध, तोही एकुलता एक.

मग आधीचं सगळं खोटं होतं का? मला तसं मुळीच वाटत नाही. स्टेजवरचा किस्सा आणि पुस्तकातली आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींत ‘मी’ असते, दोन्ही चावट असतात आणि दोन्हींमुळे आपल्याला हसू येतं, त्यामुळे त्या एकच वाटतात.

स्टेजवरची ‘मी’ हे एक पात्र असतं. किस्सा आधी छोट्या ओपन माइकला, म्हणजे कुणीही स्टेजवर येऊ शकतं अशा कार्यक्रमात, सांगून बघतात. जिथे हशा येत नाही तो भाग उडवतात, जिथे येतो तिथे आणखी एक ओळ जोडतात. असं पुन्हा पुन्हा करताना तीन रात्रींची एक रात्र होते आणि मैत्रिणीची फजिती स्वतःच्या नावावर येते. त्यात फसवणूक नाही. समोर बसलेल्यांना हसायचं असतं आणि तेवढंच कबूल केलेलं असतं.

पुस्तकावर ‘आठवणी’ असं छापलं की कबुली बदलते. फ्रेंच अभ्यासक फिलिप लेज्यून यांनी १९७५ मध्ये याला लेखक आणि वाचक यांच्यातला करार म्हटलं: मुखपृष्ठावरचं नाव, सांगणारी व्यक्ती आणि जिच्याबद्दल सांगितलं जातंय ती व्यक्ती, तिन्ही एकच. हा करार मोडला की वाचक चिडतात. जेम्स फ्राय यांच्या व्यसनमुक्तीच्या आठवणींत बनावट प्रसंग असल्याचं २००६ मध्ये उघड झालं, तेव्हा प्रकाशकांना पुस्तकाचे पैसे परत द्यायची तयारी दाखवावी लागली होती.

फरक कसा दिसतो ते एका प्रसंगात बघू. समजा, सकाळी जाग आली आणि शेजारी झोपलेल्याचं नाव आठवत नाहीये. स्टेजवर ती स्वयंपाकघरात जाते, टेबलावरचं विजेचं बिल उचलते, नाव वाचते, परत येऊन लाडात त्याला त्या नावाने हाक मारते. तो म्हणतो, ‘तो माझा रूममेट.’ हशा. किस्सा इथेच संपायला हवा, एक शब्द जास्त झाला तरी पडतो.

पुस्तकात ते बिल तिच्या हातातच राहतं. थंडगार फरशीवर ती अनवाणी उभी आहे. पत्र्याच्या डब्यात खोचलेले दोन टूथब्रश दिसतात आणि आपण इथे नेमकं काय शोधत होतो, हा प्रश्न तिला पडतो. वाचक एकटाच वाचत असतो. त्याच्या हसण्याचा आवाज तिच्यापर्यंत येत नाही, म्हणून तिला थांबता येतं.

आणि तो झोपलेला माणूस? स्टेजवर तो बिनचेहऱ्याचा असतो, चुटक्यापुरता. पुस्तकात मात्र तो खरा माणूस असतो आणि उद्या दुकानात उभा राहून तेच पान वाचू शकतो. म्हणूनच अशा पुस्तकांत नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्याची सूचना सहसा असते. मला ती सूचना आवडते. न विचारता ज्याची रात्र आपण जगाला सांगतोय, त्याच्याबद्दलची तेवढी चाड तरी त्यात आहे.

रेषा नेहमी इतकी ठळक नसते. २०२३ मध्ये अमेरिकी विनोदवीर हसन मिन्हाज यांनी ‘न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकाला सांगितलं की स्टेजवर सांगितलेले काही प्रसंग तसेच्या तसे घडलेले नव्हते, त्यामागची भावना खरी होती. त्या प्रसंगांचा विषय वंशभेद आणि भीती हा होता. लोकांनी ते साक्ष म्हणून ऐकले होते आणि त्यामुळे ते दुखावले. प्रणयाच्या चावट किस्स्यांबाबत इतकी चौकशी कुणी करत नाही. पण त्यात बाई असेल तर उलटाच अन्याय होतो: तिचं पात्र म्हणजेच तिचं चारित्र्य, असं लोक खुशाल धरून चालतात. पुरुष विनोदवीराला ती किंमत क्वचितच मोजावी लागते, आणि याचा मला मनापासून राग येतो.

चेल्सी हँडलर या अमेरिकी विनोदवीर बाईचं २००५ चं पुस्तक ‘माय हॉरिझाँटल लाइफ’ अगदी सीमेवर बसतं. वन नाइट स्टँडचा संग्रह, असंच त्याचं उपशीर्षक आहे. प्रकरणं आठवणींची असली तरी चाल स्टेजची आहे. २०११ मध्ये तर तिने कुणाला काय काय थापा मारल्या, याचं पुस्तक तिच्याच घरच्यांनी, मित्रमैत्रिणींनी आणि सहकाऱ्यांनी लिहिलं. म्हणून ते पहिलं पुस्तक मी छापलेला स्टँडअप म्हणूनच वाचते.

२०१९ चं ‘लाइफ विल बी द डेथ ऑफ मी’ वेगळं आहे. त्यात ती थेरपिस्टसमोर बसलेली आहे आणि स्वतः नऊ वर्षांची असताना अपघातात गेलेल्या मोठ्या भावाबद्दल बोलतेय. पहिलं पुस्तक मी एका बैठकीत हसत हसत संपवलं होतं. हे मला दोनदा मिटून ठेवावं लागलं.