एलायझा निगेटिव्ह आणि पीसीआर निगेटिव्ह, एकच का?

मागे एका मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर लॅबचा रिपोर्ट पाठवला, 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह', खाली हात जोडलेले इमोजी आणि 'सुटलो रे'. लागणीची भीती वाटावी असा प्रकार घडून आठच दिवस झाले होते. मी विचारलं टेस्ट कोणती केलीस, तर म्हणे एचआयव्हीची, अजून कोणती असते?

असते की. साधा एलायझा काय किंवा बोटाला टोचून करतात ते रॅपिड किट काय, ते व्हायरस शोधतच नाही, व्हायरसच्या विरोधात शरीराने बनवलेल्या अँटीबॉडीज शोधतं. म्हणजे घरात चोर शिरलाय का ते न बघता पोलिसात तक्रार आलीय का तेवढंच बघायचं. आणि ही तक्रार जायला वेळ लागतो, साधारण २३ ते ९० दिवस. आरएनए टेस्ट (नॅट म्हणा, लोक सरसकट पीसीआर म्हणतात) थेट व्हायरसचं जनुकीय द्रव्य शोधते, तिला १० ते ३३ दिवसांत सापडतं. मधे एक फोर्थ जनरेशन टेस्टपण आहे, ती अँटीबॉडीसोबत पी२४ अँटीजेनही (व्हायरसचंच एक प्रथिन) बघते, लॅबमध्ये केली तर १८ ते ४५ दिवस.

आता दोन-तीन आठवडे इकडेतिकडे, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण गोची अशी की लागण ताजी असते तेव्हाच रक्तात व्हायरस प्रचंड असतो, म्हणजे माणूस दुसऱ्याला सगळ्यात जास्त देऊ शकतो तेव्हाच नेमका त्याचा एलायझा निगेटिव्ह येतो.

हा फरक पोटापाण्यासाठी समजून घ्यावा लागला तो अमेरिकेतल्या पॉर्न इंडस्ट्रीतल्या लोकांना. लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत हा धंदा एकवटलेला, शूटिंग बरंचसं विनाकंडोम, पार्टनर सतत बदलणारे. १९९८ मध्ये तिथे काही जणांना लागण झाली आणि शॅरन मिचेल या स्वतः पूर्वी कलाकार असलेल्या बाईने एआयएम नावाचं क्लिनिक काढलं. तिथे अँटीबॉडीवर न थांबता दर महिन्याला पीसीआर, असा शिरस्ता पडला.

मग सुरक्षित झालं का? नाही ना. २००४ मध्ये ब्राझीलहून काम करून आलेल्या एका पुरुष कलाकाराची मार्चमधली टेस्ट निगेटिव्ह आली, तो कामाला लागला आणि एप्रिलमध्ये पॉझिटिव्ह निघाला. तोपर्यंत १३ बायकांसोबत शूटिंग झालेलं, त्यातल्या तिघींना लागण. पीसीआरलाही आंधळे दिवस असतात, एलायझापेक्षा कमी, पण असतात.

इथे अजून एक गोंधळ होतो. विंडो पिरियड (लागण झाल्यापासून ती टेस्टमध्ये सापडेपर्यंतचे आंधळे दिवस) वेगळा आणि दोन टेस्टमधलं अंतर वेगळं. २०१३ नंतर तिथे २८ ऐवजी दर १४ दिवसांनी टेस्ट आली, 'पास' नावाच्या डेटाबेसमध्ये निर्मात्याला फक्त हा कलाकार कामाला मोकळा आहे की नाही एवढंच दिसतं, रिपोर्ट नाही. (ही खाजगीपणाची काळजी मला आवडली, आपल्याकडे कंपाउंडरच मोठ्याने नाव घेऊन सांगतो.) पण हिशोब करा. आज टेस्ट दिली, उद्या लागण झाली. पुढची टेस्ट येते तेव्हा लागणीला १३ दिवस झालेले, सापडेल किंवा नाही सापडणार. नाही सापडली तर त्यानंतरची थेट २७व्या दिवशी, आणि तोवर हा माणूस कागदावर क्लीन. २०१४ मध्ये असंच झालं, निगेटिव्ह रिपोर्ट असलेल्या कलाकाराकडून नेवाडातल्या शूटिंगवर सहकलाकाराला लागण झाली. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने व्हायरसचे जनुकीय नमुने जुळवून २०१६ मध्ये तसा अहवाल दिला.

मग कंडोमच सक्तीचे करा ना! लॉस एंजेलिस काउंटीत २०१२ मध्ये मेझर बी नावाच्या प्रस्तावावर लोकांच्या मतदानाने तसं ठरलं. पण २०१६ मध्ये पूर्ण कॅलिफोर्नियासाठी तसाच प्रस्ताव, प्रपोझिशन ६०, मतदानाला आला तो पडला, आणि विरोधात खुद्द बरेच कलाकार होते, कारण त्यात कोणीही सोम्यागोम्या रहिवासी कंडोम वापरला नाही म्हणून कोर्टात जाऊ शकत होता आणि कलाकारांना भीती की आपलं खरं नाव-पत्ता बाहेर येईल. मला ही भीती पटते, पण टेस्टला कंडोमचा पर्याय म्हणून विकणं पटत नाही, टेस्ट मागचं सांगते, आजचं नाही.

मित्राकडे येतो. त्याचा तो एलायझा होता, आठव्या दिवशीचा, म्हणजे जवळपास कोरा कागद. पीईपीची औषधं (प्रकार घडल्यावर लागण टाळायला घेतात ती) ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात, ती वेळ गेलेलीच. त्याला १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन करायला लावला, मग सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) गेला, तिथे फुकट होतं आणि नाव गुप्त ठेवतात. तिथली किटंही अँटीबॉडीचीच. काउन्सेलर ताईंनी रिपोर्ट बाजूला सारला, प्रकार कधी घडला ती तारीख विचारली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयची पानं उलटून तीन महिन्यांनंतरची तारीख चिठ्ठीवर लिहून दिली.