पाणी दुप्पट केलं म्हणून पीएच दुप्पट होत नाही

फोंडा, म्हापशाकडच्या बारावीच्या पोरांमध्ये अजून हे फिरतंय की अ‍ॅसिडमध्ये तेवढंच पाणी मिसळलं की पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकी आम्लता जास्त) 2 चा 4 होतो, आणि हे साफ चूक आहे. पीएच लॉगवर चालतो (सूत्र: पीएच = −log[H⁺], म्हणजे हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहापट घटलं की पीएच 1 ने वाढतो), म्हणून 0.01 मोलर (लिटरमागे 0.01 मोल) हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा पीएच 2, तेच दुप्पट व्हॉल्यूमला नेलं तर फक्त 2.3, पूर्ण 3 व्हायला दहापट लागतं आणि 4 हवा असेल तर शंभरपट, म्हणजे 10 मिली घेऊन एक लिटरचा फ्लास्क खुणेपर्यंत भरायचा. आणि 10⁻⁸ मोलरला तेच सूत्र लावून 8 लिहू नका रे, अ‍ॅसिड कितीही पातळ केलं तरी बेसिक (म्हणजे अल्कधर्मी, पीएच 7 च्या वर) कसं होईल? तिथे पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयनपण धरायचे, 25 अंश सेल्सिअसला उत्तर येतं साधारण 6.98.