बोनस शेअर आणि शेअरचं विभाजन: भाव दोन्हीकडे पडतो, हिशेब मात्र वेगळा

काही वर्षांपूर्वी सकाळी सव्वानऊला, बाजार उघडल्या उघडल्या मामींचा फोन आला. "अरे, माझा शेअर एका रात्रीत निम्म्यावर आलाय! कंपनीला झालं तरी काय?" कंपनीला काहीच झालं नव्हतं. एकास एक बोनसची, म्हणजे हातातल्या प्रत्येक शेअरवर एक नवा देण्याची, ती एक्स-डेट होती: बोनस वजा धरून भाव लागण्याचा पहिला दिवस. भाव निम्मा झाला होता, पण बोनसचे शेअर अजून डिमॅटमध्ये जमा व्हायचे होते. तेव्हा त्याला दहा-पंधरा दिवस सहज लागत. तेवढे दिवस ॲपवर त्यांची गुंतवणूक निम्मी दिसत राहिली, आणि मामी रोज ती उघडून बघत राहिल्या. (ऑक्टोबर २०२४पासून बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमामुळे बोनसचे शेअर रेकॉर्ड डेटनंतर, म्हणजे बोनस कुणाला द्यायचा हे ज्या दिवसाच्या नोंदींवरून ठरतं त्यानंतर, दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी विकता येतात, त्यामुळे हा जीवघेणा काळ आता फार लांबत नाही.)

सगळं समजावून सांगितल्यावर मामींनी विचारलं, "मग त्या दुसऱ्या कंपनीचा स्प्लिट झाला होता, तेही हेच ना?" स्प्लिट म्हणजे विभाजन, एका शेअरचे अनेक करणं. दिसायला हेच. दोन्हींत शेअरची संख्या वाढते, त्याच प्रमाणात भाव उतरतो, आणि तुमच्या हातातली एकूण रक्कम आदल्या दिवशी होती तेवढीच राहते. फरक आहे तो कंपनीच्या ताळेबंदात आणि तुमच्या प्राप्तिकराच्या विवरणपत्रात.

आधी शब्दांबद्दल. घराघरांत बोनस म्हणजे दिवाळीचा बोनस, म्हणजे पगाराच्या वर हातात पडणारे खरे पैसे. वर्तमानपत्रं तर 'बक्षीस समभाग' लिहितात. बक्षीस म्हटलं की कुणीतरी काहीतरी दिलं असं वाटणारच. पण बोनस शेअरमध्ये भागधारकाला बाहेरून एक रुपयाही मिळत नाही. कंपनी मुळात त्याचीच, त्यातली गंगाजळीही (साठलेला नफा) त्याचीच. त्या गंगाजळीतला काही भाग फक्त भांडवलाच्या खात्यात वर्ग होतो.

हे आकड्यांतच पाहायला हवं. एक कंपनी धरू. तिचे १ कोटी शेअर, प्रत्येकाचं दर्शनी मूल्य, म्हणजे कागदोपत्री ठरलेली मूळ किंमत, १० रुपये. म्हणजे भागभांडवल १० कोटी. वर्षानुवर्षांच्या नफ्यातून साठलेली गंगाजळी ९० कोटी. दोन्ही मिळून १०० कोटी. आता कंपनीने एकास एक बोनस दिला. शेअर झाले २ कोटी, दर्शनी मूल्य १० रुपयेच राहिलं, म्हणून भांडवल झालं २० कोटी. हे वाढीव १० कोटी आले गंगाजळीतून, ती उरली ८० कोटी. बेरीज तीच, १०० कोटी.

याच कंपनीने बोनसऐवजी विभाजन केलं असतं तर? १० रुपयांच्या एका शेअरचे ५ रुपयांचे दोन शेअर. शेअर २ कोटीच झाले, पण भांडवल राहिलं १० कोटी आणि गंगाजळी ९० कोटी. वहीतला एकही आकडा हलला नाही. पाचशेची नोट मोडून शंभराच्या पाच घेतल्या, इतकंच.

म्हणूनच ज्या कंपनीकडे गंगाजळी नाही, ती बोनस देऊ शकत नाही. विभाजन मात्र तोट्यातली कंपनीसुद्धा करू शकते. बोनसच्या बातमीला थोडा जास्त मान मिळतो तो यामुळे. पण गंगाजळी म्हणजे तिजोरीत ठेवलेली रोकड नव्हे. तो पैसा बहुतेक वेळा यंत्रांत, इमारतींत, मालाच्या साठ्यात आधीच गुंतलेला असतो. बोनस दिला म्हणजे कंपनीकडे पैसा खुळखुळतोय, असं धरून चालू नका.

लाभांशात एक बारकावा आहे. आपल्याकडे लाभांश दर्शनी मूल्यावर टक्क्यांत सांगण्याची जुनी पद्धत आहे. वरच्या कंपनीने ५० टक्के लाभांश दिला तर शेअरमागे ५ रुपये. विभाजनानंतर तोच ५० टक्के म्हणजे अडीच रुपये, पण शेअर दोन, म्हणजे हातात पुन्हा ५. बोनसनंतर मात्र दर्शनी मूल्य १०च असल्याने ५० टक्क्यांचे ५ रुपये, आणि शेअर दोन, म्हणजे हातात १०. टक्केवारी तीच ठेवायची तर कंपनीला दुप्पट लाभांश वाटावा लागतो. जुने गुंतवणूकदार बोनसवर खूश असत ते यासाठी. आता कंपन्या टक्केवारी कमी करून रक्कम पूर्वीएवढीच ठेवू शकतात, म्हणून घोषणेत टक्के नव्हे, शेअरमागे किती रुपये ते वाचावं.

गुणोत्तर वाचतानाही गफलत होते. चारास एक बोनस म्हणजे तुमच्या एका शेअरवर चार नवे, एकूण पाच. एकास पाच विभाजन म्हणजे एकाचे पाच, एकूण पाचच. आणि दोनावर एक असा बोनस आला, तुमच्याकडे शेअर पंधरा असले, तर नवे साडेसात होतात. त्या अर्ध्याचे सहसा पैसे मिळतात.

विभाजनाला तळ आहे, कारण दर्शनी मूल्य १ रुपयाच्या खाली नेता येत नाही. आयशर मोटर्सने २०२० मध्ये १० रुपयांचा शेअर १ रुपयाचा केला, तेव्हा वीस हजारांच्या वरचा भाव दोन हजारांच्या घरात आला. तिला आता आणखी विभाजन करता येणार नाही. उलट एमआरएफचं दर्शनी मूल्य अजून १० रुपयेच आहे. तिने विभाजन केलं नाही, म्हणून जून २०२३ मध्ये तिचा एक शेअर लाखावर गेला. नुसता भाव बघून शेअर महाग की स्वस्त हे ठरत नाही, याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

दोन्ही गोष्टी एकाच दिवशी पाहायच्या असतील तर पुण्याच्या बजाज फायनान्सकडे बघा. जून २०२५ मध्ये तिने आधी २ रुपयांच्या शेअरचे १ रुपयाचे दोन केले, आणि त्या प्रत्येकावर चार बोनस दिले. एकाचे झाले दहा. नऊ हजारांवरचा भाव हजाराच्या आत आला.

समजा तुम्ही मे २०२५ मध्ये एक शेअर ९,००० रुपयांना घेतला होता. ॲप कदाचित दहा शेअर, सरासरी खरेदी ९०० रुपये असं दाखवेल. प्राप्तिकराला ही सरासरी चालत नाही. विभाजनाने झालेल्या दोन शेअरची किंमत प्रत्येकी ४,५०० आणि खरेदीची तारीख मे महिन्यातलीच. बोनसच्या आठ शेअरची खरेदी किंमत शून्य, आणि तारीख ते तुम्हाला मिळाले ती, म्हणजे जूनमधली. दीर्घ मुदतीसाठीचे बारा महिने दोघांचे वेगवेगळ्या दिवशी भरतात. त्याआधी विकलं तर नफ्यावर २० टक्के, नंतर विकलं तर वर्षाकाठी सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. काही दिवसांच्या घाईने केवढा फरक पडतो बघा.

डिमॅटमध्ये आधी आलेले शेअर आधी विकले गेले असं धरतात. त्यामुळे दोनच शेअर ९५० रुपयांना विकले तर कागदावर ७,१०० रुपयांचा तोटा दिसेल. तो दुसऱ्या नफ्यातून वजा करावा असं कुणाच्याही मनात येईल. पण रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलेले शेअर पुढच्या नऊ महिन्यांत विकले आणि बोनसचे शेअर हातात ठेवले, तर तो तोटा धरला जात नाही. तो उरलेल्या बोनस शेअरची किंमत म्हणून लागतो. बोनसची बातमी ऐकून घाईने खरेदी करणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

जुन्या भागधारकांचं गणित आणखी वेगळं. याच बजाज फायनान्सने २०१६ मध्ये एकाचे पाच करून वर एकास एक बोनस दिला होता, म्हणजे तेव्हाही एकाचे दहा. त्याआधीचा एक शेअर जपून ठेवणाऱ्याकडे आज शंभर आहेत. २०१६चे बोनस ३१ जानेवारी २०१८ या करनियमात ठरलेल्या तारखेच्या आधीचे असल्याने त्यांना शून्य किंमत लागत नाही, त्या दिवशीच्या बाजारभावाचा आधार घेता येतो. पुढे २०२५ च्या विभाजनाने त्या दहाचे वीस झाले, तेव्हा तो भावही निम्मा धरायचा. म्हणजे शंभरातल्या वीस शेअरना २०१८चा आधार आहे. उरलेल्या ऐंशींची खरेदी किंमत शून्य.