आंघोळीलाच येणारी फिट

"एरवी ठणठणीत असतो, फिट फक्त आंघोळीलाच येते. म्हणजे बाहेरचंच काहीतरी!" हा तर्क शिकल्यासवरलेल्या घरांतही चालतो. मग लिंबू उतरवायचं, नाकाशी कांदा नाहीतर चप्पल धरायची. फिट बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपली आपणच थांबते, श्रेय मात्र चपलेला!

हा प्रतिक्षिप्त अपस्मार, म्हणजे ठरावीक गोष्टीनेच चाळवणारा फिटचा आजार. कुणाला जेवताना फिट येते, कुणाला वाचताना, कुणाला ठरावीक संगीत ऐकताना. कढत पाणी तांब्याने भराभर डोक्यावर ओतल्यावर येणारा प्रकार दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकात, जास्त दिसतो.

एरवी फिट कधी येईल याचा नेम नसतो. मेंदूतल्या विजेची नोंद घेणाऱ्या ईईजीच्या तारा डोक्याला लावून, कॅमेऱ्यासमोर दिवसचे दिवस वाट पाहावी लागते. इथे मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली मुद्दाम आणता येते. फिट मेंदूत कुठून उगम पावते हे रक्तप्रवाहाच्या चित्रावरून शोधणाऱ्या स्पेक्ट तपासणीला नेमकं हेच हवं असतं. फिट सुरू होताच टेक्नेशियमचं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. पेशी जिथे बेभान झाल्यात तिथे रक्त धावतं, रक्ताबरोबर औषधही. पेशीत शिरल्यावर त्याचं रूप बदलतं आणि ते आतच अडकतं. त्यामुळे स्कॅन तास-दोन तासांनी काढला, तरी चित्र उमटतं ते फिटच्या क्षणाचं! या चित्रातून शांत वेळचं चित्र वजा करायचं आणि उरलेला डाग एमआरआयवर बसवायचा. इंजेक्शनला अर्धा-एक मिनिट उशीर झाला, तर फिट पसरलेली असते आणि डागही भलतीकडे पसरतो. म्हणून सिरिंज भरून कुणीतरी खाटेशी उभंच असतं.

उगमाची जागा शोधायची ती शस्त्रक्रियेसाठी. तिचा विचार होतो तो दोन योग्य औषधं नीट घेऊनही फिट थांबली नाही तर, आणि ती जागा काढल्याने वाचा किंवा स्मृती जाणार नसेल तरच. गरम पाण्याच्या प्रकारात ती वेळ क्वचितच येते. पाणी कोमट केलं, आंघोळीआधी डॉक्टरांनी दिलेली क्लोबाझामची गोळी घेतली, की बऱ्याच जणांचं भागतं. पण कानशिलामागच्या, म्हणजे टेम्पोरल भागातल्या हट्टी अपस्मारात सुरी खरंच कामाची आहे. कॅनडात ८० रुग्णांवर झालेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या गटातल्या ५८ टक्के लोकांना वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिट येत नव्हत्या. नुसत्या औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण होतं ८ टक्के.

निदान होईपर्यंत एक करा: बाथरूमला आतून कडी लावू देऊ नका.